ही पत्रं बंबात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत महायुद्धातल्या शिपायांच्या पत्रांवर पानभर मजकूर आला होता. फ्रान्समधल्या खंदकातून आईला लिहिणारा इंग्रज पोरगा होता, बायकोला लिहिणारा जर्मन सुतार होता. वाचताना दोनदा चष्मा पुसावा लागला. पण पान संपलं तेव्हा लक्षात आलं, की त्यात मराठी पत्र एकही नाही. तुम्हाला दोष देत नाही. हाती लागलं असतं तर तुम्ही छापलंच असतं. ते हाती का लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

मी माणगाव तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमचं गाव डोंगराच्या कुशीत, दोन पिकं देईल एवढं पाणी नाही, त्यामुळे घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर पलटणीत. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतके मेले, असं तिच्यावर इंग्रजीत कोरलंय. नाव एकाचंही नाही, नुसते दोन आकडे. लहानपणी आम्ही त्या पाटीखाली सागरगोटे खेळायचो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंतराव घाडगे याच बटालियनचे आणि आमच्याच तालुक्यातले. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी ते पडले तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर आहे, थडगं नाही. आबा त्याच खोऱ्यात होते आणि परत आले. परत आल्यावर त्यांनी आयुष्यभर भातशेती केली आणि लढाईबद्दल एक अक्षर काढलं नाही. आम्ही विचारलं की म्हणायचे, "थंडी लई होती." बस, एवढंच.

पण त्यांनी लिहिलेलं होतं. काळ्या लोखंडी ट्रंकेत, जिच्यावर पांढऱ्या रंगानं त्यांचा नंबर घातलेला होता, आजीनं जपून ठेवलेली त्यांची सत्तरेक पत्रं होती. १९४१ पासून १९४६ पर्यंतची. आणि एक खिशात मावेल एवढी वही, पेन्सिलीनं भरलेली. २००९ साली भावानं जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधायला घेतलं. ट्रंक पडवीत आली. तो पावसाळा असा लागला की सरपण ओलं, आणि अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला सुका कागद हवा. रोज सकाळी दोन-तीन पत्रं. गणपतीला मी माहेरी गेले तेव्हा ट्रंकेच्या तळाशी अकरा पत्रं आणि ती वही उरली होती. वही बचावली, कारण तिचा पुठ्ठा जाड, लवकर पेटत नव्हता.

भावजयीला मी काही बोलले नाही, आजही बोलणार नाही. जुन्या कागदाला कुणी काही किंमत देतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मात्र मुलांना इतिहास शिकवत होते. दर गणपतीला त्या ट्रंकेवर बसून मोदकाचं सारण ढवळत होते. तीस वर्षांत ती एकदाही उघडून पाहिली नाही. ही चूक माझी आहे, आणि ती मला फार लागते.

त्या अकरा पत्रांतलं एक तुम्हाला वाचून दाखवते. जसं आहे तसं.

"ता. १६ जुलै. तिर्थरूप आईस साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्रास कारन की मी हिकडे कुशाल आहे. माजी काळजी करू नये. हिकडे डोंगर आपल्यासारकेच पन पाऊस नाही. द्राक्षाचे मांडव आहेत वालीच्या मांडवासारके. लावनी झाली काय ते लिव्हावे. बांड्या बैल चालतो काय. म्हनिआर्डर पोचली काय. शेजारच्या काकीकडे जाऊन बसत जा. ती येकटी आहे. धाकट्यांस आशिर्वाद."

पत्रावर गावाचं नाव नाही. फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, सेन्सॉरचा शिक्का, बस. कुठे आहोत ते लिहायला बंदी होती. नुसतं हे पत्र वाचलं तर त्यात काय आहे? पाऊस, बैल, मनीऑर्डर. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा घडी घालून बाजूला ठेवलं. मग काही दिवसांनी वही घेऊन बसले आणि तारखा लावायला लागले. वहीत ११ जुलैला एकच ओळ आहे. "काकीचा गेला. पाकीट माझ्याकडे आहे."

शेजारच्या काकींचा मुलगा आबांच्याच सेक्शनमध्ये होता. दोघं एकाच दिवशी भरती झालेले. सरकारी तार यायला अजून वेळ होता, आणि तार येण्याआधी घरी कळवायचं नाही असा हुकूम. कळवलंच असतं तर सेन्सॉरनं ती ओळ काळी केली असती. तेव्हा आबांनी लिहिलं, काकीकडे जाऊन बसत जा. आजीनं त्यातून काय ओळखलं, देवच जाणे. मला एवढं आठवतं, की त्या काकी मरेपर्यंत आमच्याच घरात जेवल्या आणि आम्ही मुलं त्यांना आजीच समजायचो. का, ते मला पन्नास वर्षांनी एका ओळीवरून कळलं.

यासाठी म्हणते, की आमच्या शिपायांची पत्रं वरवर वाचून "यात काय आहे" असं म्हणून टाकू नका. साहेबाला पत्र लिहायची सवय होती, आमच्या माणसाला नव्हती. त्याला चार ठरलेल्या ओळी येत होत्या आणि जे सांगायचं ते त्या ओळींच्या बेचक्यात बसवावं लागत होतं. पत्र आधी पलटणीत वाचलं जाणार, मग सेन्सॉरच्या कचेरीत, मग गावात पोस्टमन नाहीतर मास्तर सगळ्या पडवीला मोठ्यानं वाचून दाखवणार. अशा पत्रात माणूस मन कुठे मोकळं करील? तो बैलाची चौकशी करतो.

वहीत मात्र ते थोडे सुटलेले दिसतात. रोजनिशी ठेवायला आघाडीवर मनाई असायची, शत्रूच्या हाती लागली तर पंचाईत. म्हणून अक्षर मुंगीएवढं. तेव्हा फौजेत शिपायाला रोमन लिपीत उर्दू शिकवायचे, पण आबा मराठी चौथी शिकलेले, त्यांनी वही बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत ठेवली. पहिल्या पानावर आलेला पगार, घरी लावलेली रक्कम, कुणाचे किती उसने. ओर्तोनाजवळच्या मुक्कामात "चिखल आपल्या खाचरासारका" असं आहे. टायबरबद्दल, "मोटी नदी म्हनतात. आपल्या काळ नदीयेवढी." एका पानावर इटालियन शब्द. पाने म्हणजे पाव. आक्वा म्हणजे पाणी. कासा म्हणजे घर. आणि त्याखाली, "मामा म्हंजे आई. मामा नव्हे." त्या शब्दाशेजारी पुन्हा एकदा, वेगळ्या दिवशी, बोथट पेन्सिलीनं, "म्हातारीने रोटी दिली. मामा म्हनालो. रडली."

वहीच्या मागच्या बाजूला दुसरीच एक यादी आहे. आडनावं आणि पुढे रेघा. कितीतरी दिवस मला वाटायचं, पहाऱ्याचा हिशेब असेल. मग एका आडनावापुढे "बायकोस दोन, आईस येक" असं दिसलं आणि उलगडलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं आबा लिहून देत. रेघा म्हणजे लिहिलेली पत्रं. मोजल्या, एकशे बारा भरल्या. ती एकशे बारा पत्रं आपल्या मराठी मुलखात कुठल्या कुठल्या घरांत गेली. त्यांतली काही आजही कुणाच्या माळ्यावर असतील. आडव्या ओळी, र चा पाय लांब आणि "कुशाल" असं लिहिलेलं कुणाच्या घरात सापडलं, तर ते अक्षर माझ्या वडिलांचं असू शकतं.

आता थोडं मागचं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं समुद्रापार गेली. त्यांची पत्रं तपासायला फ्रान्समध्ये बोलोनला खास सेन्सॉर कचेरी होती, हॉवेल नावाचा अधिकारी तिचा प्रमुख. त्या कचेरीत पत्रं वाचली जात, निवडक पत्रांतले उतारे इंग्रजीत करून आठवड्याच्या अहवालाला जोडले जात. फौजेच्या मनात काय चाललंय ते सरकारला कळावं म्हणून. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं पुढे पत्त्यावर गेली आणि आपल्या घरांतून नाहीशी झाली. म्हणजे पहा, आमच्या खडकीच्या सॅपर्समधला, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतला, एखादा मराठा फ्रान्समधून बायकोला काय लिहीत होता, हे आज वाचायचं तर ते साहेबानं ज्या शब्दांत मांडलं त्या शब्दांत. त्यानं तिला "अगं" लिहिलं होतं का, पोराचं नाव घेतलं होतं का, ते गेलं. इंग्रजीतून परत मराठी करता येईल, पण तो "कुशाल" परत कुठून आणायचा?

त्या अहवालांतली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १९१५ साली एका जखमी शिपायानं घरी लिहिलं, की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी जहाल, लाल मिरची तितकी तिखट नाही. काळी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल म्हणजे गोरा. सेन्सॉरला ते कळलं, म्हणून तर ते नोंदलं गेलं. हे वाचलं तेव्हा मला शाळेतला पानिपताचा धडा आठवला. १४ जानेवारी १७६१ नंतर सावकारी पत्रातून बातमी आली, की दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे पोरं पटकन सांगतात. मोहरा म्हणजे सरदार. एका वर्षी पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, खुर्द्यातल्या कुणाचं नाव माहीत आहे का?" मी वर्गाला "शांत बसा" म्हटलं, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या प्रश्नाचा आमच्याच घरात एक धागा आहे. आबांचे चुलते पहिल्या युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. टिसिफोनच्या लढाईनंतर, नोव्हेंबर १९१५ च्या अखेरीस, ही फौज मागे हटली आणि तैग्रिसच्या वळणावर कूट गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला तो १४७ दिवस. पीठ वजनावर मिळू लागलं. घोडे कापले गेले, पण आमच्या बहुतेक माणसांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. तिकडे दात हलू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. घोड्याचं मांस चालेल असा निरोप हिंदुस्थानातून धर्मगुरूंकडून मागवावा लागला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या हाती गेली आणि वाळवंटातून चालवत नेली गेली. आमचे हे चुलत आजोबा त्यांतून आले नाहीत. बसऱ्याला स्मारक आहे, ज्यांची थडगी नाहीत अशा ४० हजारांहून अधिक माणसांचं. त्यावर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा आहे. सुभेदार अमुक आणि इतर इतके. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं अशा वागणुकीबद्दल माफी मागितली, ती बातमी मी कापून ठेवली आहे. खुर्दाच तो. आमच्या चावडीची पाटी आणि बसऱ्याची भिंत, दोन्हीकडे हिशेब एकाच हातानं केलेला.

पण या आजोबांचं एक पत्र आमच्याकडे आहे, आणि ते कसं राहिलं हे सांगितलंच पाहिजे. ते मोडी लिपीत आहे. घरात मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की तो जमिनीचा कागद आहे. म्हणून तो खतं आणि पावत्यांबरोबर पितळेच्या डब्यात, देव्हाऱ्याखाली, नव्वदहून अधिक वर्षं सुखरूप. वाचता येणारी पत्रं बंबात गेली आणि न वाचता येणारं राहिलं! निवृत्तीनंतर मी तो कागद पुण्याला नेला. मोडी शिकवणाऱ्या एका बाईंनी तो माझ्यासमोर वाचला. "जमिनीचा नाही हो," त्या म्हणाल्या, "हा बसऱ्याचा आहे." सहा-सात ओळी. खजूर फार आहे. पाणी खारट. पलटण नदीनं वर जाणार आहे. घराच्या उत्तरेच्या भिंतीला पावसाआधी कुड घालून घ्यावा. आणि मुलगा झाला तर अमुक नाव ठेवावं. मुलगा झाला होता, पण पत्र कुणाला वाचता आलं नसावं, कारण नाव दुसरंच ठेवलं. त्या मुलाला मी पाहिलं होतं, माझे थोरले काका. ते १९९८ साली गेले. आपल्याला वडिलांनी कुठलं नाव योजलं होतं, ते त्यांना कधीच कळलं नाही, आणि तो कागद त्यांच्या उशाशी दहा हातांवर होता.

बंगालमधले शिशिर सर्वाधिकारी अँब्युलन्स कोअरमधून तिथेच गेले होते, तेही कूटला कैद झाले. रोजनिशीची पानं त्यांनी बुटात लपवून वाचवली आणि पुढे त्यांच्या आठवणी बंगालीत पुस्तक होऊन आल्या. कूटच्या मराठा पलटणींतल्या कुणाचं तसं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. ज्या भाषेत राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव पायपीट करून, जुनी दप्तरं धुंडाळून, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडावर खंड काढतो, त्या भाषेत कागदाची किंमत पेशवाई बुडाली तिथेच का संपावी? १७६१ च्या कागदाला आपण हात जोडतो. १९४४ चा कागद ऐंशी वर्षांचा झाला, त्याला आपण रद्दी म्हणतो.

१९७१ च्या युद्धाबद्दल थोडं लिहिते, कारण तेव्हा मी स्वतः होते. बारा वर्षांची. आमच्या वाडीतले सात जण फौजेत, आणि त्यांच्या घरात वाचता येणारी बाई एकही नाही. निळी आंतरदेशीय पत्रं यायची, पत्त्यावर "द्वारा ९९ ए.पी.ओ.", हे फौजेचं टपाल, म्हणजे पूर्वेकडे. ती वाचायला बायका माझ्याकडे यायच्या आणि उत्तरंही मीच लिहायची. "लिही, समदं बरं हाय." मी विचारायचे, काकी, कौलं उडाली ते लिहू? "नगं. त्येला तिकडं घोर." म्हणजे तो तिकडून खरं लिहीत नव्हता आणि ती इकडून लिहू देत नव्हती, आणि दोघांचंही खोटं माझ्या अक्षरात.

एकदा एका वहिनींचं पत्र आलं. सासू समोर तांदूळ पाखडत बसलेली, आणखी चार बायका. मी वाचत गेले आणि मधल्या एका ओळीवर थांबले. ती ओळ फक्त वहिनींसाठी होती. वहिनींनी मान वर केली नाही, पण सुपावरचा हात थांबला. मी ती ओळ गाळली आणि "सर्वांस नमस्कार" वाचून पत्र घडी केलं. तिन्हीसांजेला वहिनी परसात विहिरीपाशी आल्या. "ऱ्हायलेली वळ वाच," म्हणाल्या. वाचली. "परत वाच." तीनदा वाचून घेतली. मग पत्र चोळीत घातलं आणि घागर उचलून गेल्या. ती ओळ मला आजही पाठ आहे. ती इथे लिहीत नाही. ती त्यांची आहे.

त्याच डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला आपल्या पहिल्या मराठा बटालियननं वाट अडवून धरली होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शत्रूच्या कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना, शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. मुक्तिवाहिनीचा मुनशी नावाचा एक माणूस ती सायकलवरून घेऊन गेला. उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून: लेखणी तुम्ही छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा. पुढच्या रात्री ती फौज बाहेर पडायला बघत होती, ती मराठ्यांनी रोखली, आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. ही दोन्ही पत्रं सगळीकडे सांगितली जातात, सांगितली जावीतही, मोठ्या धैर्याची आहेत. पण ज्यांनी ती रात्र खड्ड्यात काढली त्या शिपायांनी दुसऱ्या दिवशी घरी काय लिहिलं? ते पत्र साताऱ्यात, चंदगडात, पोलादपुरात कुठल्या तरी फळीवर आहे. किंवा होतं.

म्हणून माझं वाचकांना हात जोडून सांगणं आहे. घर उतरवत असाल, म्हातारं माणूस गेल्यावर पेटी आवरत असाल, तर फौजेतली पत्रं रद्दीत घालू नका आणि बंबात तर मुळीच नको. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाचेसुद्धा, कारण तारीख आणि शिक्का तिथेच असतो. पत्र कुणी कुणाला लिहिलं, ते आजच एका कागदावर लिहून सोबत ठेवा. उद्या "आबा" म्हणजे कोणते आबा, हे सांगणारं कुणी नसेल. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, मी वहीच्या दोन पानांवर ती चूक केली आणि शब्द चिकटपट्टीबरोबर निघून आले. मोडी असेल तर "जमिनीचा असेल" म्हणून ठेवून देऊ नका, वाचून घ्या. मोडी वाचणारी माणसं पुण्यामुंबईतच नाहीत, तालुक्याच्या गावीही भेटतात, शोधावी लागतात. आणि ज्या ओळी एकाच माणसासाठी लिहिलेल्या आहेत त्या झाकून ठेवा. सगळं जगापुढे मांडलंच पाहिजे असं मी म्हणत नाही, पण सगळं जाळलंच पाहिजे असंही नाही ना.

आता नवी पोरं पत्रं लिहीत नाहीत, मोबाइलवर दिसतात, बोलतात. माझा भाचा लेहला आहे, रोज आईला व्हिडिओ कॉल करतो. बरंच आहे ते. फक्त त्याला मी सांगितलंय, वर्षातून एक पत्र मला शाईनं लिही. गेल्या वर्षीचं आलं. त्यातही बैलाऐवजी ट्रॅक्टरची चौकशी आहे.

संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो. कूटचा वेढाही त्याच तारखेला पडला होता. त्या दिवशी दरवर्षी एका साध्या शिपायाचं एक पत्र छापा. अधिकाऱ्याचं नको, पदकवाल्याचं नको. कुठल्याही युद्धातलं, कुठल्याही जातीधर्माच्या मराठी बोलणाऱ्या शिपायाचं. बॉम्बे सॅपर्समधलं चालेल, महार रेजिमेंटमधलं चालेल, आघाडीवर रस्ते बांधणाऱ्या मजुराचं चालेल. पत्रं येतील की नाही, अशी शंका धरू नका. एक छापलं की लोक माळ्यावर चढतील.

सुरुवातीला माझ्या वडिलांचं, वर उतरवलेलं १६ जुलैचं पत्र घ्या. दोन्ही बाजूंचा फोटो सोबत पाठवत आहे. एवढीच विनंती, की तुमच्या मुद्रितशोधकांना आधी सांगून ठेवा. "कुशाल"चं "खुशाल" करू नका, "कारन"चं "कारण" करू नका. आणि काकीकडे जाऊन बसत जा, या ओळीखाली रेघ मारू नका, ठळक करू नका. त्यांनी केली नव्हती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. माणगाव, जि. रायगड